शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरचा ट्रॅक: आखणीपासून निकालापर्यंत

गोव्यात शाळेचं मैदान म्हणजे बहुतेक ठिकाणी फुटबॉलचं मैदान. चवथ आटोपते, पाऊस ओसरतो आणि मग त्याच तांबड्या मातीवर फक्कीच्या (पांढऱ्या भुकटीच्या) रेषा मारून शाळेच्या अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा घ्यायच्या असतात. ज्यांच्यावर ही जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे, अशा शिक्षकांसाठी, गावच्या क्लबांसाठी आणि हौशी पालकांसाठी हे लिहिलं आहे.

अ‍ॅथलेटिक्समध्ये तीन घराणी आहेत. धावणं (सरळ, अडथळ्यांची आणि रिले, शिवाय चालण्याच्या शर्यती), उड्या (लांब, तिहेरी, उंच आणि बांबू) आणि फेक (गोळा, थाळी, भाला, हातोडा). फुटबॉलमध्ये मैदान दोन मीटर आखूड असलं तरी दोन्ही संघांना ते सारखंच आखूड असतं. इथे तसं नाही. चौथ्या लेनमधल्या मुलीला तीस सेंटिमीटर जास्त धावावं लागलं, तर ते फक्त तिलाच लागतं. म्हणून या लेखात सरावापेक्षा टेप आणि खुंट्यांवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

मैदान आधी बघा

प्रमाण ट्रॅक ४०० मीटरचा असतो. त्याच्या वळणांची त्रिज्या ३६.५० मीटर आणि प्रत्येक सरळ बाजू ८४.३९ मीटर. एवढी जागा शाळेकडे नसते. २०० मीटरचा चार लेनचा ट्रॅक मात्र ८७.५६ मीटर लांब आणि ४७.५६ मीटर रुंद जागेत बसतो. १०५ बाय ६८ च्या फुटबॉल मैदानात तो सहज मावतो, सहा लेनचाही (९२.४४ बाय ५२.४४) मावतो. पण सहा लेनच्या मागे लागू नका. बाहेरच्या लेन कुंपणाच्या, गटाराच्या किंवा माडांच्या अंगाला जातात आणि शेवटी त्या लेनमध्ये कोणी पळायला तयार होत नाही.

आखणीच्या आठवडाभर आधी गवत तीन-चार सेंटिमीटरवर कापून घ्या. कापलेलं गवत तिथेच पडू दिलं, तर फक्की मातीवर न बसता गवतावर बसते आणि पहिल्याच शर्यतीत उडून जाते. पावसाने पडलेले खड्डे वाळूने भरू नका. वाळू पायाखाली सरकते आणि वळणावर घोटा मुरगळतो. ओलसर माती घालून धुमसाने ठोका. जांभ्याचे खडे वेचणं हे कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी मुलं अनवाणी पळणार असतील तर ते टाळता येत नाही. गोलपोस्ट हलवता येत असतील तर हलवा. हलत नसतील तर ट्रॅक असा सरकवा की खांब आतल्या मोकळ्या भागात येईल.

आखणी

सामान: ५० मीटरचा स्टीलचा टेप, बोटाएवढ्या जाडीच्या दोन लोखंडी सळया, दीड-दोनशे लहान खुंट्या किंवा मोठे खिळे, सुतळीची गुंडी, हातोडा आणि फक्की. कळीचा चुना वापरू नका. तो घामाला लागला की कातडी पोळते आणि डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. नायलॉनच्या दोरीने त्रिज्या काढणंही टाळा. ती ताणते. अठरा-एकोणीस मीटरच्या दोरीत १० सेंटिमीटर ताण आला, तर प्रत्येक वळण ३१ सेंटिमीटरने आणि पूर्ण फेरी ६३ सेंटिमीटरने वाढते.

मापं मुद्दाम सोपी धरली आहेत: दोन सरळ बाजू ४०-४० मीटर, दोन वळणं ६०-६० मीटर. ट्रॅकच्या आतल्या कडेला उंच काठ नसून नुसती रेषा असेल, तर धावण्याचं अंतर त्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात. कारण कोणीही रेषेवर पाय देत पळत नाही. ६० मीटरच्या अर्धवर्तुळाला १९.१० मीटर त्रिज्या लागते. त्यातून २० सेंटिमीटर वजा केले की आतल्या रेषेची त्रिज्या १८.९० मीटर येते.

मैदानाच्या लांबीच्या दिशेने मधोमध सुतळी ताणा. तिच्यावर बरोबर ४० मीटर अंतरावर दोन सळया ठोका. हे वळणांचे केंद्रबिंदू. प्रत्येक सळईपाशी सुतळीला काटकोन काढा. ९, १२ आणि १५ मीटरचा त्रिकोण जुळवला की काटकोन मिळतो. ३, ४, ५ मीटरचा त्रिकोणही चालतो, पण लहान त्रिकोणातली बोटभर चूक १८.९० मीटरवर जाऊन हातभर होते. काटकोनाच्या रेषेवर दोन्ही बाजूंना १८.९० मीटरवर खुंटी मारा. असे चार कोपरे मिळतील. आता या आयताचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५५ मीटर साडेतीन सेंटिमीटर यायला हवेत. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला तर आयत तिरपा झालाय. दोन्ही सारखेच चुकले तर लांबी किंवा रुंदी चुकली आहे. इथे समाधान झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकी सगळं काम या चार खुंट्यांवर उभं राहतं.

वळणासाठी टेपचं टोक सळईला धरून १८.९० मीटरवर दर एका मीटरला खुंटी मारत जा. तीन-तीन मीटरवर खुंट्या मारून सुतळी ताणायचा मोह होतो, पण तसं केलं तर दोन खुंट्यांच्या मधोमध रेषा सहा सेंटिमीटरने आत सरकते. एक मीटरवर हा फरक सहा-सात मिलिमीटरच राहतो.

पुढच्या रेषांच्या त्रिज्या २०.१२, २१.३४, २२.५६ आणि २३.७८ मीटर. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, आणि त्या मापात उजव्या हाताची ५ सेंटिमीटरची रेषाही धरलेली असते. म्हणून फक्की खुणेच्या आतल्या अंगाला पडली पाहिजे, खुणेच्या दोन्ही बाजूंना पसरून नव्हे. नवख्यांच्या आखणीत हे हमखास चुकतं आणि चारही लेन रेषेच्या अर्ध्या जाडीने बाहेर सरकतात.

फक्की किती आणायची? चार लेनच्या पाच रेषांची एकूण लांबी १,०७० मीटरच्या आसपास होते. पहिल्या २० मीटरला किती किलो लागली ते वजन करून बघा आणि त्याला ५४ ने गुणा. गवत दाट असेल तर आकडा बराच वाढतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा हिशोब उसना घेण्यात अर्थ नाही.

स्टॅगर, म्हणजे लेन पुढे सरकवणं

शर्यत डावा हात आत ठेवून, घड्याळाच्या उलट्या दिशेने धावतात. शेवटची रेषा सरळ बाजू संपून वळण सुरू होतं तिथे, सगळ्या लेनना काटकोनात मारा. २०० मीटरची सुरुवातही तिथूनच होते, पण ती फक्त पहिल्या लेनसाठी. बाहेरच्या लेनचं वळण मोठं असतं, म्हणून तिथल्या धावपटूला तेवढं पुढून सोडावं लागतं. एका फेरीला दर लेनमागे हा फरक ७.६७ मीटर येतो:

दुसरी लेन: ७.६७ मीटर
तिसरी लेन: १५.३३ मीटर
चौथी लेन: २३.०० मीटर

हे अंतर त्या त्या लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरच्या वक्र वाटेवर मोजायचं असतं. बहुतेक मैदानांवर मोजतात ते सरळ टेप ताणून, आणि तिथेच घोटाळा होतो. चौथ्या लेनमध्ये सरळ ताणलेल्या टेपवर २३ मीटर घेतले, तर मुलगी वक्र वाटेने एक मीटरहून थोडी जास्त पुढे उभी राहते. वाकडं मोजायचं साधन नसेल तर सरळ टेपचे आकडे थेट वापरा. शेवटच्या रेषेवर त्या लेनच्या २० सेंटिमीटरच्या खुणेवर टेपचं टोक धरा आणि पुढे त्याच लेनच्या २० सेंटिमीटरच्या वाटेवर खूण मिळेपर्यंत ताणा: दुसऱ्या लेनला ७.६२, तिसऱ्या लेनला १५.०१, चौथ्या लेनला २२.०३ मीटर. सुरुवातीची रेषा मात्र त्या जागी केंद्रातल्या सळईच्या दिशेने मारा. डोळ्याच्या अंदाजाने मारलेली रेषा तिरपी जाते.

४०० मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या दोन वळणांपर्यंत, म्हणजे १६० मीटरपर्यंत, प्रत्येकाने आपापल्या लेनमध्ये पळायचं आणि पहिल्या फेरीच्या शेवटच्या सरळ बाजूच्या सुरुवातीला आत यायचं. तिथे दोन्ही बाजूंना छोटी झेंडी लावा, नाहीतर मुलं घाबरून शेवटपर्यंत लेन सोडत नाहीत. आत येताना थोडं तिरकं धावावं लागतं, म्हणून याच स्टॅगरमध्ये दुसऱ्या लेनला २, तिसऱ्याला ७ आणि चौथ्याला १७ सेंटिमीटर वाढवा. ८०० आणि त्यापुढच्या शर्यतींना शाळेच्या पातळीवर स्टॅगरची गरज नाही. वक्र रेषेवर सगळ्यांना एकत्र उभं करा.

हीच मुलं पुढे बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर जातील. २०१४ च्या लुसोफोनिया खेळांसाठी सजलेल्या याच स्टेडियमवर २०२३ च्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं अ‍ॅथलेटिक्स झालं. तिथलं गणित वेगळं आहे. आत उंच काठ असल्याने पहिली लेन ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात, त्यामुळे ४०० मीटरला दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.०४, तिसऱ्याचा १४.७० आणि चौथ्याचा २२.३७ मीटर. शाळेतले आकडे तिथे लावू नका, आणि तिथले शाळेत.

शंभर मीटरची अडचण

४० मीटरच्या सरळ बाजूवर १०० मीटर बसत नाही. मग ती मैदानाच्या कर्णावर घेतात. सुरुवातीच्या रेषेमागे ३ मीटर आणि शेवटच्या रेषेपुढे थांबायला १७ मीटर, म्हणजे एकूण १२० मीटर हवेत. फुटबॉल मैदानाचा कर्ण १२५ मीटर असतो, पण चार लेनच्या रुंदीमुळे कोपरे कापले जाऊन हातात ११७ च्या आसपास उरतात. कोपऱ्यापलीकडे मोकळी जागा असेल तर ठीक. तिथे कुंपणाची चिऱ्याची भिंत असेल, तर शंभर मीटरचा हट्ट सोडून ८० मीटर पळवा. पूर्ण वेगात आलेलं मूल पाच पावलांत थांबत नाही. भिंतीला गाद्या लावून प्रश्न सुटला असं समजणारे आयोजक आहेत, त्यांच्यात आपण नसावं.

गोव्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि तिहेरी उडीत सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वारा पाठीमागून असेल तर विक्रम धरत नाहीत. शाळेत विक्रमाचा प्रश्न येत नाही, पण वेळेवरून अंतिम फेरीतले निवडणार असाल तर येतो. पहिली प्राथमिक फेरी सकाळी आणि शेवटची जेवणानंतर घेतली, तर दुपारच्या मुलांना वाऱ्याचं फुकट दान मिळतं किंवा फटका बसतो. एका गटाच्या सगळ्या प्राथमिक फेऱ्या लागोपाठ घ्या.

सुटणं

४०० मीटरपर्यंत तीन टप्पे: 'ऑन युवर मार्क्स', 'सेट' आणि आवाज. त्यापुढच्या शर्यतींना 'सेट' नाही. बोटं रेषेच्या मागे हवीत, रेषेवर नाहीत. स्टार्टिंग ब्लॉक असतील तर पुढचा ब्लॉक रेषेपासून त्या मुलाच्या स्वतःच्या दोन पावलांवर आणि मागचा तीन पावलांवर ठेवा. पाऊल म्हणजे टाच ते अंगठा हे माप, ढांग नव्हे. 'सेट'ला कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर, पुढच्या गुडघ्यात साधारण काटकोन. कंबर फार वर गेली की मूल पहिल्या पावलाला तोंडावर जातं. फार खाली राहिली की उठून उभं राहण्यातच दोन पावलं जातात. जांभ्याच्या कडक मातीत ब्लॉकचे खिळे धरत नाहीत. आदल्या दिवशी तेवढ्या जागेवर पाणी मारून ठेवा. ब्लॉक हलत असेल तर तो नसलेला बरा, उभं राहून सुटलेलं चालेल.

'सेट' म्हटल्यावर सगळे पूर्ण स्थिर झाले की मगच आवाज द्या. मोजून दोन सेकंद थांबणाऱ्या स्टार्टरची लय मुलं दुसऱ्या शर्यतीपर्यंत ओळखतात आणि आवाजाआधी निघतात. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमात पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला बाद करतात. बारा वर्षांच्या मुलांना तो नियम लावायचा की एक ताकीद द्यायची, हे स्पर्धेआधी जाहीर करा. शर्यत झाल्यावर ठरवलेला नियम कोणत्याच पालकाला पटत नाही.

शेवटची रेषा आणि घड्याळ

क्रमांक धडावरून ठरतो. डोकं, मान, हात, पाय रेषेपुढे गेले तरी हिशोबात येत नाहीत. म्हणून रेषेवर हात पुढे फेकणं किंवा उडी मारणं व्यर्थ आहे, छाती झुकवणं कामाचं. पंच रेषेच्या पुढे उभे राहून बघतात तेव्हा कोण पुढे आहे ते चुकीचं दिसतं. त्यांना रेषेच्या सरळ रेघेत, शक्य तर बाकावर किंवा पायऱ्यांवर उंच बसवा.

वेळ घेणाऱ्याने स्टॉपवॉच आवाजावर नव्हे तर स्टार्टरच्या पिस्तुलाच्या धुरावर किंवा क्लॅपरच्या (आपटून आवाज करायच्या दोन फळ्यांच्या) मिटण्यावर दाबायचं. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. आवाजावर घड्याळ चालू करणाऱ्या शाळेत सगळीच मुलं ०.३ सेकंदाने वेगवान निघतात आणि मग बाहेर जाऊन ती निराश होतात. हातघड्याळाची वेळ वरच्या दशांशात नोंदवतात. घड्याळात १३.४१ दिसलं तरी कागदावर १३.५. तीन घड्याळं असतील आणि तिन्ही वेगवेगळी दाखवत असतील तर मधली वेळ धरा. दोन जुळत असतील तर ती. दोनच घड्याळं असतील तर हळू असलेली.

शेवटच्या रेषेपलीकडे १५-२० मीटर कोणालाही उभं राहू देऊ नका. फोटो काढणाऱ्या नातेवाइकांवर आदळून दुखापत होण्याचा धोका खरा आहे.

रिले

या ट्रॅकवर ४ × १०० मीटर पूर्णपणे लेनमध्ये घेतली तर दोन फेऱ्या होतात, चौथ्या लेनचा स्टॅगर ४६ मीटर जातो आणि बॅटन बदलायच्या जागांचा गोंधळ उडतो. शाळेत ४ × ५० बरी. एक फेरी, २०० मीटरच्याच सुरुवातीच्या खुणा. बदलाच्या जागा अशा:

पहिला बदल, पहिल्या वळणाच्या शेवटापासून मागे: पहिली लेन १० मीटर, दुसरी ६.१७, तिसरी २.३३. चौथ्या लेनमध्ये मात्र वळण संपल्यावर दीड मीटर पुढे. दुसरा बदल, समोरची सरळ बाजू संपते तिथून वळणात पुढे: पहिली लेन शून्य, दुसरी ३.८३, तिसरी ७.६७, चौथी ११.५०. तिसरा बदल सगळ्यांचा दुसऱ्या वळणाच्या शेवटाआधी १० मीटरवर. सगळी मापं वक्र वाटेवरची आहेत.

प्रत्येक खुणेच्या मागे-पुढे १० मीटर, असा २० मीटरचा पट्टा आखा. मोठ्या स्पर्धांत ४ × १०० ला हा पट्टा आता ३० मीटरचा असतो, २० मागे आणि १० पुढे. पट्ट्यात बॅटन असायला हवा, धावपटूचे पाय नव्हे. सर्वाधिक वाद यावरूनच होतात, म्हणून प्रत्येक बदलाला एक पंच खाली बसून बॅटनकडे बघेल असा ठेवा. बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि ५० ग्रॅमपेक्षा हलका नसावा. पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो, फक्त कापलेल्या कडा घासून घ्या.

पहिल्याच्या उजव्या हातातून दुसऱ्याच्या डाव्या, दुसऱ्याच्या डाव्यातून तिसऱ्याच्या उजव्या आणि तिसऱ्याच्या उजव्यातून चौथ्याच्या डाव्या हातात. यामुळे वळणावर धावणारा लेनच्या आतल्या कडेला राहू शकतो आणि हात बदलावा लागत नाही. घेणाऱ्याने मागे बघत पळू नये. सरावात मातीवर खूण करा, येणारा त्या खुणेवर आला की घेणारा सुटतो. बॅटन नीट पोचत नसेल तर खूण दोन-दोन पावलांनी जवळ आणा. येणारा घेणाऱ्यावर आदळत असेल तर लांब न्या. बॅटन पडला तर तो ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा.

लांब उडीचा खड्डा

धावमार्ग १.२२ मीटर रुंद, शक्यतो ४० मीटर लांब. उडीची पट्टी २० सेंटिमीटर रुंद आणि ती खड्ड्यापासून १ ते ३ मीटरवर. खड्डा किमान २.७५ मीटर रुंद, आणि त्याचं पलीकडचं टोक पट्टीच्या रेषेपासून १० मीटरवर. पट्टी खड्ड्यापासून एक मीटरवर धरली तर खड्डा नऊ मीटर लांब होतो. ४० सेंटिमीटर खोल भरायला सुमारे १० घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रास वाळू लागते. समुद्रकिनाऱ्यावरून वाळू भरून आणण्याचा विचारही करू नका. किनारपट्टी नियमनात तो उपसा बंद आहे, आणि शिंपल्यांच्या कडांनी मांड्या कापतात ते वेगळंच. पावसात खड्डा ताडपत्रीने झाका, नाहीतर ऑक्टोबरात त्यात माती, शेवाळ आणि कुत्र्यांनी केलेली घाण मिळते. स्पर्धेच्या दिवशी वाळू खणून मोकळी करा, थोडी ओलवा आणि धावमार्गाच्या पातळीला सपाट करा. कोरडी वाळू खुणेत ढासळते आणि उडी खोटी लांब किंवा आखूड मोजली जाते.

पट्टीच्या पुढच्या कडेच्या वर पायाचा कोणताही भाग गेला तर उडी बाद. माती दाबली गेली की नाही हे २०२१ च्या नोव्हेंबरपासून बघत नाहीत. मोजणी वाळूतल्या सगळ्यात मागच्या खुणेपासून पट्टीच्या रेषेपर्यंत काटकोनात. हाताचा तळवा मागे टेकला तर त्याची खूण धरायची. टेपचं शून्य वाळूत, वाचन पट्टीवर, आणि सेंटिमीटरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. मुलं बाद होतात ती ताकद कमी पडली म्हणून नाही, तर धावण्याची पावलं दर वेळी वेगळी पडतात म्हणून. खड्ड्याकडून उलटं धावत जाऊन १३ किंवा १५ पावलांवर खूण करायची आणि तिथूनच दर वेळी, त्याच पायाने सुरुवात करायची. एवढ्याने बाद उड्या कमी होतात.

उंच उडीबद्दल थोडक्यात: गाद्या नसतील तर पाठीवर पडणारी उडी घेऊच नका. डिक फॉस्बरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटरवर सुवर्ण मिळवलं ते फोमच्या गादीवर पडूनच. वाळूवर फक्त कात्री उडी, पायांवर उतरून.

फेक

गोळाफेकीचं वर्तुळ आतून २.१३५ मीटर व्यासाचं, पुढे १० सेंटिमीटर उंच थांबफळी. पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, महिलांचा ४. अठरा वर्षांखालील मुलांचा ५ आणि मुलींचा ३. क्षेत्र आखायला कोनमापक लागत नाही: वर्तुळाच्या केंद्रापासून २० मीटरवर दोन्ही रेषांमध्ये १२ मीटर अंतर ठेवा. भाल्यासाठी कंसाच्या केंद्रापासून २० मीटरवर १० मीटर. गोळा मानेला टेकलेला हवा आणि खांद्याच्या मागे जाता कामा नये. चेंडूसारखा फेकला तर फेक बाद होते आणि कोपर कामातून जातो. फेकून झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातून बाहेर पडायचं. मोजणी गोळा पडलेल्या खुणेच्या जवळच्या कडेपासून वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंत, टेप केंद्रावरून ताणून.

थाळी आणि हातोडा जाळीशिवाय नाही. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटरवर भाला टाकल्यापासून प्रत्येक शाळेत भालाफेकीची मागणी आहे. ती घ्या, पण ट्रॅकवर शर्यत चालू असताना नको, आणि भाले आणायला सगळ्यांची फेक झाल्यावर एकत्रच, चालत जायचं. जमिनीत तिरक्या उभ्या भाल्याचं मागचं टोक धावत जाणाऱ्याच्या डोळ्यात जातं.

दिवसाचा क्रम

लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी साडेसातला. अकरानंतरच्या दमट उन्हात १५०० मीटर पळवण्यासारखं काही नाही. पाण्यासोबत लिंबू-मीठ-साखर ठेवा. २०० मीटरपर्यंतच्या दोन फेऱ्यांमध्ये एकाच मुलाला किमान ४५ मिनिटं मिळाली पाहिजेत, त्यापुढे १००० मीटरपर्यंत ९० मिनिटं. लांब उडीत नाव असलेलं मूल १०० मीटरलाही असतं, म्हणून दोन्ही एका वेळी लावाल तर एकदा पट्टीवर आणि एकदा सुरुवातीच्या रेषेवर त्याच्या नावाचा पुकारा होत राहील. मधल्या पंधरा मिनिटांत फक्की पुन्हा मारायला दोन जण ठरवून ठेवा. पहिल्या लेनची आतली रेषा सगळ्यात आधी पुसली जाते.

स्पर्धा संपली की दोन्ही केंद्रबिंदूंच्या सळया काढून त्या जागी मोठे बोल्ट जमिनीच्या दोन बोटं खाली ठोका, चार कोपऱ्यांच्या खुंट्यांनाही तसंच करा. बोल्ट वर राहिला तर संध्याकाळी फुटबॉल खेळणाऱ्याच्या गुडघ्यात जातो. प्रत्येक बोल्टचं अंतर दोन पक्क्या वस्तूंपासून (झेंड्याचा खांब, इमारतीचा कोपरा) मोजून क्रीडासाहित्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या चवथीनंतर गवताखाली ते शोधायला दहा मिनिटं लागतील.